मधलं दार

माझ्या धाकट्या जावेला सगळं येतं. हे वाक्य कौतुकाचं वाटलं असेल तर पुन्हा एकदा वाचा, आणि या वेळी दातओठ खाऊन वाचा. तिच्या हातून दूध उतू जात नाही. तिने कुठेतरी खोचून ठेवलेली सुई तिला वर्षभरानेही सापडते. मूल रडायला लागलं की खरंच पोट दुखतंय की नुसतं सोंग आहे, हे तिला भिंतीपलीकडून कळतं. आणि माझी मुलगी, जिला नऊ महिने पोटात मी वागवलं, ती सकाळी डोळे उघडून पहिली हाक मारते ती "काकू!"

आम्ही सगळे एकाच घरात राहतो. दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा, माझी सात वर्षांची मुलगी आणि जावेचा पाच वर्षांचा मुलगा. माझ्या मुलीला सगळे खारू म्हणतात, कारण खाऊ गालात साठवून ठेवायची तिची सवय. जावेच्या मुलाला ढब्बू म्हणतात. का, ते त्याला बघितल्यावर विचारावं लागत नाही. जाऊ घरीच बसून लोकांचे कपडे शिवते, उसवते, पुन्हा शिवते. मी बेकरीत भट्टीवर असते. लोकांना सकाळी गरम पाव हवा असतो, आणि तो हवा असेल तर सगळं जग घोरत असताना कुणालातरी पीठ मळायला उभं राहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. मी घरातून निघते तेव्हा मुलं गाढ झोपलेली असतात, परत येते तेव्हा शाळेत गेलेली असतात. मग मी पडदे ओढून झोपते. उठते तेव्हा दिवसाचा मऊ भाग लोकांनी खाऊन टाकलेला असतो, माझ्या वाट्याला कडा.

दुपार कलल्यावर मी खोलीचं दार उघडते तेव्हा रोज एकच दृश्य. पुढच्या खोलीत तिघं फरशीवर डोक्याला डोकं लावून बसलेली. जावेच्या मांडीवर कापड, हाताने टाके घालणं चाललेलं, मुलं तिला चिकटलेली, आणि तिघांची कुजबुज. शिलाई मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. मी दिसले रे दिसले की कुजबुज बंद. तिघंही माझ्याकडे बघतात. मग जाऊ उठून मशीनवर बसते, जसं काही इतका वेळ ती तिथेच होती, आणि पोरं आरडाओरडा करत बाहेर पळतात. मी आले की खोली रिकामी. आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ दुसरा काय लावायचा? कामाच्या वेळेत काम झाकून ठेवायचं आणि दुसरीची मुलगी फितवायची. कळा मी सोसल्या आणि मायेला ही बसली, आयत्या बिळावर नागोबा.

त्यात ते चित्र. शाळेत बाईंनी 'आमचं घर' काढायला सांगितलं होतं आणि खारूचं चित्र भिंतीवर लावलं होतं, म्हणून मी कौतुकाने बघायला गेले. चित्रात काकू होती, गळ्यात मापाची टेप घालून. ढब्बू पेल्यात नाक बुडवून बसला होता. बाप स्टुलावर चढून पंखा दुरुस्त करत होता. काका होते, काकांची सायकल होती, सायकलची घंटीसुद्धा होती.

"आणि आई कुठाय गं?" मी हसत विचारलं, म्हणजे हसल्यासारखं तोंड करून.

खारूने एका तपकिरी चौकोनावर बोट ठेवलं. "ही काय. हे तुझं दार."

माझे डोळे भरून आले. बाईंना वाटलं, आई भारावून गेली. आई भारावली नव्हती, आईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण राग काढायचा कुणावर? मुलीवर काढवत नाही. चौकोनावर काढता येत नाही. राहता राहिली कोण?

नेमक्या त्याच सुमाराला भट्टीच्या विटा बदलायला निघाल्या. मालकाने आम्हा सगळ्यांना सुट्टी दिली, आणि शाळेलाही सुट्टी होती. मी घरात जाहीर केलं की खारूला घेऊन तीन-चार दिवस मोठ्या शहरात जाणार, तिथलं मत्स्यालय दाखवणार. मत्स्यालय हे निमित्त. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला एक सकाळ हवी होती. एका सकाळी खारूने डोळे उघडावेत आणि तिला पहिली मी दिसावी. तिच्या तोंडून पहिला शब्द 'आई' निघावा. एवढंच. ज्यांना हे रोज फुकट मिळतं त्यांना यात काय मोठंसं असं वाटेल. त्यांना वाटू दे.

"ढब्बूलाही नेते," मी जावेला म्हटलं. यात माझा डाव होता. म्हटलं, आपलं पोर दुसरीच्या कुशीत जागं झालं की कसं वाटतं, हे हिलाही एकदा कळू दे.

तिची सुई कापडातच थांबली. मला बरं वाटलं.

"न्या ना, ताई," ती म्हणाली. "तुमच्यापाशी असला की मला घोर नाही."

डाव टाकावा आणि समोरच्याने त्याबद्दल आभार मानावेत, याच्याइतका अपमान नाही.

राहायची जागा मीच शोधणार, असं मी आधीच सांगून ठेवलं. रोज संध्याकाळी फोन घेऊन बसायचे. मुलांना घेऊन राहायला जागा बघणं आणि मुलीसाठी स्थळ बघणं यात फार फरक नाही. फोटोत सगळीच देखणी असतात, गुण चौकशीत कळतात. एका हॉटेलात मुलांसाठी पोहण्याचा तलाव होता. फोटोत तो समुद्राएवढा दिसत होता. मी फोन करून विचारलं, पाणी किती खोल? पलीकडचा म्हणाला, "मॅडम, बसलं की छातीपर्यंत येतं." दुसऱ्या ठिकाणी खोलीभर काचेचे दिवे आणि बाहेर गुडघ्याएवढा कठडा. तिथे एक तर दिवे राहिले असते, नाही तर ढब्बू. तिसऱ्याने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मुलांचं मनापासून स्वागत', आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, 'बारा वर्षांपुढील'.

"तुम्ही दोघी मिळून एखादी धर्मशाळाच बांधा," नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पेचकस शोधायला निघून गेला. दोघी कुठे होत्या यात? मी एकटीच शोधत होते.

पण एका संध्याकाळी जाऊ स्वतःचा फोन घेऊन शेजारी येऊन बसलीच.

"ताई, ही एक जागा बघता का? तळमजला आहे. दोन खोल्या, दूध तापवायला ओटा, समोरची गल्ली बंद, त्यामुळे गाड्या नाहीत. मालकीणबाई वरच राहतात. मी बोलले त्यांच्याशी."

"तू कशाला बोललीस?"

"सहज हो. बाई चांगल्या वाटल्या." तिने फोटो मोठा करून दाखवला. फोटोत पलंग नव्हता, खिडकी नव्हती. होतं एक दार, पांढरं, बंद. "हे बघा, दोन खोल्यांच्या मधे दार आहे. नीट लागणारं. कुठेही राहा, पण मधे दार असलेलंच बघा, ताई."

"का म्हणून?"

"म्हणजे तुम्ही आतल्या खोलीत झोपाल, आणि मुलं बाहेरच्या..."

पुढचं मी ऐकलंच नाही. कानशिलं तापली. घरात माझ्या आणि माझ्या मुलीच्या मधे हिने दार लावलंच होतं, आता परगावी जातानासुद्धा दार बांधून देत होती, शिदोरी द्यावी तसं.

"मला दार नकोय," मी म्हटलं. "मला एक खोली हवी. एक पलंग हवा."

"पण ताई, मुलं सकाळी उठली की तुमची झोप..."

"माझ्या झोपेची काळजी तू नको करूस. मी सगळ्या जगाच्या आधी उठते. लोक कूस बदलतात तेव्हा माझा पहिला घाणा भट्टीतून बाहेर आलेला असतो."

तिने फोन पदराला पुसला आणि उठून गेली. हा तिचा आणखी एक गुण. भांडायला गेलं तर हाताला लागत नाही.

मग मी इरेला पेटले आणि मला हवं तसं सापडलं. मत्स्यालयापासून चालत जाता येईल असं हॉटेल, आणि त्यात 'कौटुंबिक खोली'. एकच खोली, एकाच पलंगावर चौघे आरामात. भिंतभर रंगवलेला निळा देवमासा. न्हाणीघरात टब. मी फोन करून खिडकीची कडी विचारली, लिफ्ट विचारली, सकाळी दूध कोमट मिळेल की उकळतं ते विचारलं. आणि शेवटी जे खरं विचारायचं होतं ते विचारलं.

"मधे काही नाही ना?"

"कशाच्या मधे, मॅडम?"

"खोलीच्या. दार, पडदी, कपाट."

"काही नाही मॅडम. सलग आहे."

"आणि पलंग? दोन जोडून ठेवलेले की एकच?"

"एकच. आम्ही त्याला मैदान म्हणतो."

मी लगेच खोली पक्की केली. जावेला फोटो दाखवला, मुद्दाम. ती म्हणाली, "देवमासा छान आहे." आणि मग, "पण दार..." मी फोन बंद केला.

निघायच्या दिवशी तिने दोन्ही मुलांच्या बॅगा भरून दिल्या. कपड्यांच्या वर लोकरीचे जाड मोजे ठेवलेले, प्रत्येकी दोन जोड. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सगळं येतं म्हणे, आणि उन्हाळ्यात लोकरीचे मोजे! मी मनातल्या मनात इतकी खूश झाले की ते मोजे बाहेर न काढता तसेच नेले. परत आल्यावर दाखवायचे होते, हे बघ, घडीसुद्धा मोडली नाही.

पहिला दिवस झकास गेला. पलंगावर उड्या मारून झाल्या, देवमाशाच्या पोटात लपून झालं, म्हणजे भिंतीला पाठ लावून 'मी दिसत नाही' म्हणून झालं. मत्स्यालयात खारूने माझा हात धरला तो सोडला नाही. हात धरून चालायला माझी मुलगी मला कधी मिळते? मी तिच्या बोटांकडेच बघत होते, माशांकडे कमी. पण मध्येच तिचं सुरू व्हायचं. हा पिवळा मासा काकूच्या दोऱ्याच्या रिळासारखा आहे. ही शेपटी काकूने शिवलेल्या झालरीसारखी. अष्टपादापाशी तर ती थबकलीच. "आई, काकूला आठ हात असते तर तिने एकदम आठ काजं केली असती, नाही?"

"हो," मी म्हटलं. "आणि सोळा ठिकाणी नाक खुपसलं असतं."

"नाकं आठ नसतात आई, हात आठ."

काच नसती तर त्या प्राण्याची काही धडगत नव्हती. बाहेर पडताना ढब्बूने आठवण करून दिली की आईने उद्या सकाळी फोन करते म्हणून सांगितलंय. करू दे, मी म्हटलं. उद्या सकाळी माझी मुलगी माझ्याशी बोलत असेल, फोन कोण घेतंय.

संध्याकाळी मुलं जेवता जेवता पेंगली. मीही त्यांच्याबरोबर आडवी झाले, मधे खारू, पलीकडे ढब्बू. आणि सवयीप्रमाणे अंधारातच मला टक्क जाग आली. नेहमी या वेळी चप्पल शोधत असते. आज कुठे जायचं नव्हतं. मी उठून तोंड धुतलं, केस विंचरले, चांगला कुर्ता घातला. पहिली दिसायचंच आहे तर जरा बरं दिसावं. खिडकीचा पडदा सरकवून ठेवला, म्हणजे उजेड होईल तसा माझ्या तोंडावर पडेल. मग खारूच्या शेजारी उशीला टेकून बसले आणि तिच्याकडे बघत राहिले.

ती झोपेत ओठ हलवते हे मला माहीत नव्हतं. उजव्या कानामागे तिला एक तीळ आहे, तोही मी विसरले होते. हे सगळं तिच्या काकूला तोंडपाठ असणार, असं मनात आलं आणि इतक्या सुंदर वेळेलाही पोटात कळ आली. मी ती गिळली. आजची सकाळ माझी होती.

उजाडलं. रस्त्यावर झाडूचा आवाज आला, मग गाड्यांचा. पोरं आदल्या दिवशीच्या पायपिटीने दमलेली, उठायचं नाव घेईनात. भट्टीवर हातांना काम असतं म्हणून झोप वाट बघते. इथे हात रिकामे. डोळ्यांत वाळू जमा व्हायला लागली. मी खारूच्या केसांवर हात ठेवला, म्हणजे ती जरा जरी हलली तरी मला कळेल, आणि घटकाभर पाठ टेकली.

जाग आली तेव्हा अंधार होता. हुश्श म्हटलं, अजून पहाटच आहे. हात अजून खारूच्या डोक्यावर होता. मी केस कुरवाळले. केस नव्हते. उशी होती. माझ्या हाताखालून डोकं काढून घेऊन कुणीतरी तिथे उशी सरकवली होती.

मी ताडकन उठले. पडदा गच्च ओढलेला, त्याच्या फटीतून डोळे दिपवणारं ऊन. पलंगावर कुणी नाही. पलंगाखाली नाही. दार उघडून बाहेर बघितलं तर बोळ सुनसान, आणि बाहेरच्या मुठीला 'कृपया झोपमोड करू नये' ही पाटी अडकवलेली, उलटी. परक्या शहरात दोन पोरं, त्यातलं एक दुसरीचं. तिला काय तोंड दाखवू? वळले तेव्हा न्हाणीघराचं दार दिसलं. बंद, आणि खालच्या फटीत आतून टॉवेल कोंबलेला.

मी दार ढकललं. कोरड्या टबात दुलई अंथरून दोघं बसली होती. पायांत लोकरीचे जाड मोजे. ढब्बूच्या एका हातात बिस्किट होतं आणि दुसरा हात त्याने स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला होता. नळाला माझा फोन टेकवून ठेवलेला, आणि फोनमध्ये माझी जाऊ, घरी फरशीवर बसलेली, मांडीवर कापड, हातात सुई. तिघांची कुजबुज चालली होती.

मी दिसले आणि कुजबुज बंद झाली. तिघंही माझ्याकडे बघत होती. अगदी घरच्यासारखी.

"आई उठली!" खारू मोकळ्या आवाजात म्हणाली.

"उठली! मोठीआई उठली!" ढब्बूने तोंडावरचा हात काढून आरोळी ठोकली. "आता ओरडलं तरी चालतं!" आणि तो खरोखरच ओरडला, टबात उभा राहून, नुसताच, कशासाठी नाही असा. त्याच्यात सकाळपासून कोंडलेला सगळा आवाज बाहेर पडला. फोनमध्ये जावेने दोऱ्याला गाठ मारली आणि मान मोकळी केली.

मी टबाच्या कडेवर बसले. "मला उठवलं का नाहीस गं?"

खारूने नवलाने माझ्याकडे बघितलं. "तू झोपली होतीस ना."

एवढं उत्तर तिला पुरेसं वाटत होतं. तरी तिने समजावून सांगितलं. "काकूचा फोन आला. मी तो थरथरल्याबरोबर पकडला, वाजूच नाही दिला. काकूने विचारलं, आई झोपलीये? मग खोलीत मधे दार आहे का? मी म्हटलं दार नाहीचे, नुसता देवमासा आहे. मग ती म्हणाली, न्हाणीघराला तर दार असेल ना. नळाला हात लावायचा नाही म्हणाली, आणि फोन बंद करायचा नाही."

"मोजे घातले की मांजरपाय होतात," ढब्बू म्हणाला. "आवाज केला तो आउट. घरी मी रोज आउट होतो."

"घरी?"

"रोज दुपारी खेळतो की. तू झोपतेस तेव्हा. आई मशीनपण नाही चालवत. मशीन तर लगेच आउट होईल."

मी फोनकडे बघितलं. जावेने मान खाली घातली होती.

"ताई, मुलं एकटी जागी होती, म्हणून फोन चालू ठेवला," ती म्हणाली. "तुम्हाला उठवू नका, हे मीच सांगितलं. रागवायचं तर मला रागवा."

"मधलं दार, मधलं दार म्हणून तू जे लावलं होतंस..."

"ते मुलांना बोलता यावं म्हणून. कुजबुजून कंटाळतात हो ती. तुम्ही पुढचं बोलूच दिलं नाहीत."

"आणि मशीन?"

"भिंतीतून ऐकू जातं. तुमची झोप आधीच अशी तुकड्यांची."

या ठिकाणी दुसरी एखादी बाई हात जोडून म्हणाली असती, चुकले गं बाई. मला तसं वाटलंही, नाही असं नाही. पण त्याच्या आधी पोटात दुखलं, आजवर दुखलं नव्हतं इतकं. चोरी केली असती तर परवडलं असतं, चोराशी भांडता येतं. हिने काहीच चोरलं नव्हतं. माझी मुलगी मला जीव लावत होती, माझ्या हाताखाली उशी सरकवण्याइतका, पण जीव कसा लावायचा हेही तिला हिनेच शिकवलं होतं. मी झोपलेली असताना.

"खारू," मी म्हटलं, "उद्या सकाळी तू मला उठवायचंस. जाग आली की आधी मला उठवायचं. कळलं?"

तिने फोनकडे बघितलं. माझ्याकडे नाही, आधी फोनकडे. मग हळूच विचारलं, "कसं?"

"कसं म्हणजे?"

"उठवतात कसं? मला नाही येत."

सात वर्षांची मुलगी. तिला लिहिता येतं, अष्टपादाचे हात मोजता येतात, फोन वाजायच्या आत पकडता येतो. आईला उठवता येत नाही, कारण तिने ते कधी केलंच नव्हतं.

"सोपं आहे, खारू," फोनमधून जाऊ म्हणाली. "खांद्याला धरायचं आणि..."

"तू ठेव फोन," मी म्हटलं.

"ठेवते, ताई. तिला फक्त सांगा की..."

"ठेव म्हणते ना. माझी झोप जपायला तू शिकवलंस, मोडायला मी शिकवते."

ती हसली की रडली कोण जाणे, फोन मीच बंद केला होता. मी उठून पलंगावर गेले, देवमाशाकडे पाठ करून आडवी झाले आणि डोळे मिटले. "मी झोपलेय," मी म्हटलं. "ये आणि उठव."

काहीच ऐकू आलं नाही. "मोजे काढ आधी," मी डोळे न उघडता म्हटलं. मग फरशीवर अनवाणी पावलं फटफट वाजत आली आणि पलंगाशी थांबली. बराच वेळ नुसता श्वास. मग माझ्या कोपराला एक बोट लागलं आणि लगेच मागे गेलं.

"लागलं?"

"झोपलेल्या माणसाला विचारतात का?"

"मी उठवू? मला येतं!" ढब्बू म्हणाला. "मी उडी मारतो."

"तू थांब," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

या वेळी खांद्यावर पंजा आला, सगळा, गरम. "आई," तिने कुजबुजून म्हटलं.

"ऐकू नाही आलं."

"आई."

"आमच्या बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र याच्यापेक्षा मोठ्याने बोलतं."

तिने दोन्ही हातांनी माझा खांदा धरला. आधी भीत भीत हलवला, मग जोरात, मग गदागदा. "आई! ऊठ! ऊठ ना गं आई!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली.

मी डोळे उघडले. पहिली ती दिसली, केस विस्कटलेली, तोंड लाल झालेली, स्वतःच्याच आवाजाने दचकलेली.

"परत," मी म्हटलं आणि डोळे मिटले.